मणक्यांचा वैद्य : डॅनिअल डेव्हिड पामर

कंबरेत उसण भरली किंवा मान अवघडली म्हणजे गावच्या हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. त्याची बोटे नेमक्या जागी पडत. पण त्यामुळे बरे का वाटते, याची मीमांसा करण्याच्या भरीस तो पडत नसे. अमेरिकेत मात्र अशाच एका हातगुणाच्या माणसाने या कलेला शास्त्र म्हणून मांडले, तिच्यासाठी शाळा काढली, आणि अखेर ती शाळा सोडण्याची पाळीही त्याच्यावरच आली. डॅनिअल डेव्हिड पामर हे त्याचे नाव. आडनाव पामर असले, तरी वृत्तीने हा गृहस्थ मुळीच पामर नव्हता.

त्याचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडातील टोरांटोजवळच्या पिकरिंग येथे झाला. १८६५ मध्ये, ऐन विशीत, भावासह घर सोडून तो अमेरिकेत आला. मास्तरकी, मधमाश्यांची जोपासना, रासबेरीची रोपे, किराणा दुकान असे नाना उद्योग त्याने केले. पुढे रुग्णाच्या अंगावर हात ठेवून करावयाच्या तथाकथित चुंबकीय उपचारांकडे तो वळला आणि १८८७ च्या सुमारास मिसिसिपीच्या काठी, आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट शहरी स्थिरावला. वैद्यकाची पदवी त्याच्यापाशी नव्हती.

ज्या इमारतीत त्याचा दवाखाना होता, तेथे हार्वी लिलर्ड नावाचा इसम झाडलोटीचे काम करी. सतरा वर्षांपूर्वी वाकून काम करताना पाठीत काही तरी हलल्यासारखे झाले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे तो सांगे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी पामरने त्याच्या पाठीतील एक मणका दाबून जागेवर बसविला आणि लिलर्डला ऐकू येऊ लागले, अशी ही प्रसिद्ध कथा. लिलर्डच्या मुलीने पुढे निराळीच हकीकत सांगितली. शिवाय श्रवणाची नस कानापासून कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. तेव्हा ही कथा जपूनच स्वीकारावी.

पामरने मात्र तीवर मोठी इमारत रचली. मानेचे ७, छातीचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके. प्रत्येक दोहोंच्या बाजूंतून बाहेर पडणाऱ्या नसा. मणका सरकला की नसेवर ताण येतो व रोग उद्भवतो, असे सांगून शंभरांपैकी पंचाण्णव रोगांचे मूळ त्याने या सरकलेल्या मणक्यांत शोधले. सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने ग्रीक शब्द जोडून ‘हाताने केलेले’ अशा अर्थाचे कायरोप्रॅक्टिक हे नाव सुचविले. पंचाण्णवांचा दावा शास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. कंबरदुखीत मात्र अशा हस्तोपचाराने काही रुग्णांना माफक आराम पडतो, असे आजवरच्या चाचण्यांत दिसले आहे. मानेला झटका देण्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो, हेही ध्यानी ठेवावे. आणि पाठदुखीबरोबर पाय बधिर वा लुळे पडू लागले, लघवीवरचा ताबा गेला, तर कोणाही मालीशवाल्याकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे.

१९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली : १०५ दिवस कैद किंवा ३५० डॉलर दंड. बाणेदारपणे त्याने कैद पत्करली. २३ दिवसांनी मात्र दंड भरून तो बाहेर आला. शाळा मुलाच्या, बार्टलेट जोशुआच्या, हाती गेली. मुलगा जाहिरातीत आणि व्यवहारात बापाहून सवाई निघाला. दोघांचे पटले नाही ते नाहीच. आपल्या विद्येचा खरा जनक कोण, हे सांगण्यासाठी म्हाताऱ्याने १९१० मध्ये हजार पानांच्या आसपासचा ग्रंथ लिहिला आणि त्यात मुलावरही आसूड ओढले.

१९१३ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या मेळाव्यासाठी तो डेव्हनपोर्टला आला. मिरवणुकीत मुलाच्या मोटारीचा त्याला धक्का बसला, असा आरोप पुढे झाला; तो सिद्ध झाला नाही. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिस येथे विषमज्वराने त्याचे निधन झाले. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टिकच्या परवान्याचा पहिला कायदा केला. शेवटच्या राज्याचा, लुइझियानाचा, कायदा व्हायला १९७४ साल उजाडले.