वृद्ध क्रीडागुरु आमोस अलोन्झो स्टॅग

सामने जिंकून नांव मिळविणारे क्रीडागुरु जगांत पुष्कळ झाले. परंतु उभ्या राष्ट्रांत कीर्ति झाल्यावर, पंचाऐंशी वर्षांचे असतां, आपल्याच मुलाच्या जोडीस मदतनीस म्हणून मैदानांत उतरणारा गृहस्थ विरळा. अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आमोस अलोन्झो स्टॅग यांचा जन्म अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत वेस्ट ऑरेंज या गांवीं १६ ऑगस्ट १८६२ रोजीं झाला. त्यांचे वडील जोडे शिवून व मोलमजुरी करून मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. घरीं दारिद्र्य असलें तरी मुलाची विद्येची हौस दांडगी होती. पाळक व्हावयाचें या निश्चयानें ते १८८४ सालीं येल विद्यापीठांत दाखल झाले. तेथें आरंभीं ऊब नसलेल्या माळ्यावरच्या खोलींत राहून व कोरड्या बिस्किटांवर दिवस काढून त्यांची प्रकृति खालावली. पुढें बेसबॉलच्या खेळांत चेंडूफेक करण्यांत त्यांनीं मोठा लौकिक मिळविला. धंदेवाईक संघांनीं त्यांस भरपूर पगाराचें आमिष दाखविलें. पण पैशासाठीं खेळावयाचें नाहीं म्हणून त्यांनीं तें नाकारिलें.

धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असतां त्यांस एक गोष्ट कळून चुकली. व्यासपीठावर उभें राहून उपदेश करणें त्यांस साधेना. दुसरा एखादा निराश झाला असता. स्टॅग यांनीं मात्र असा विचार केला कीं, तरुणांचें शील घडविणें हेंच जर पाळकाचें काम असेल, तर तें मैदानावरही करितां येईल. १८९० सालीं ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत गेले. तेथेंच जेम्स नेस्मिथ यांनीं डिसेंबर १८९१ मध्यें बास्केटबॉलचा खेळ शोधून काढिला. ११ मार्च १८९२ रोजीं शिक्षक व विद्यार्थी यांच्यामध्यें त्याचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनीं ५–१ असा जय मिळविला, आणि शिक्षकांच्या बाजूचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांनीं केला होता. आज आपल्या शाळाशाळांतून मुलें जो खेळ खेळतात त्याचा उगम हा असा आहे.

त्याच वर्षीं नव्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं आपल्या या जुन्या शिष्यास बोलावून घेतलें, आणि अध्यापकाचा दर्जा देऊन शारीरिक शिक्षणाचें खातें त्यांच्या स्वाधीन केलें. खेळाच्या शिक्षकास इतर पंडितांच्या पंक्तीस बसविणें ही गोष्ट तेव्हां नवी होती. तेथें स्टॅग यांनीं ४१ हंगाम काढिले. अमेरिकेंतील फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा. लांबट चेंडू हातांत धरून, प्रतिपक्षाची फळी फोडून पुढें धांवावयाचें. या खेळांतील अनेक युक्त्यांचें व साधनांचें श्रेय स्टॅग यांस देतात. १९०५ सालीं त्यांच्या संघानें मिशिगनचा २–० असा पराभव केला. त्यापूर्वीं मिशिगनचा संघ ओळीनें ५६ सामने अजिंक्य राहिला होता.

परंतु आम्हांस या विजयापेक्षां १९२२ सालचा एक पराभव अधिक मोलाचा वाटतो. प्रिन्स्टनविरुद्ध सामना शेवटच्या क्षणांवर आला होता. शिकागोचा संघ तीन गुणांनीं मागें असून गोलरेषेच्या अगदीं तोंडाशीं पोंचला होता. त्यांचे मदतनीस फ्रिट्झ क्रायस्लर यांनीं सुचविलें कीं, बदली खेळाडू पाठवून त्याच्याबरोबर योग्य डावाचा निरोप धाडावा. पंचांस तें कळलेंही नसतें. पण बदली खेळाडूच्या तोंडीं निरोप देणें नियम करणाऱ्या मंडळास पसंत नव्हतें, आणि स्टॅग स्वतः नियमांचे कैवारी. त्यांनीं नकार दिला. संघ २१–१८ असा हरला.

स्टॅग निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. खेळाच्या कीर्तीपायीं कांहीं खेळाडूंच्या अभ्यासाकडे तेथें दुर्लक्ष झालें, असा ठपका इतिहासकारांनीं ठेविला आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

सत्तरी उलटतांच विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें त्यांस आपलें पद सोडावें लागलें. दुसरें एक बसून करावयाचें काम देऊं केलें असतां तें न घेतां ते १९३३ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें पॅसिफिक कॉलेजांत गेले. १९४३ सालीं, ८१ व्या वर्षीं, वर्षांतील सर्वोत्कृष्ट क्रीडागुरु म्हणून देशानें त्यांचा गौरव केला. १९४६ नंतर तेंही पद गेलें. तेव्हां त्यांचे वडील चिरंजीव पेनसिल्व्हानियांतील सस्क्वेहाना या लहानशा विद्यापीठांत फुटबॉलचे मुख्य शिक्षक होते. १९४७ सालीं हा वृद्ध पिता त्यांच्या मदतीस गेला. जेथें पूर्वीं हजारों लोक जयघोष करीत, तेथून या आडगांवच्या मैदानावर येतांना त्यांस कमीपणा वाटला नाहीं. १९५१ सालीं हा संघ एकही सामना हरला नाहीं. १९५२ पर्यंत, म्हणजे नव्वदीपर्यंत, बापलेक एकत्र राबले.

पुढें पत्नी स्टेला यांची प्रकृति बिघडल्यामुळें ते स्टॉक्टनला परतले. ही माउली आयुष्यभर सामन्यांचीं टिपणें काढून पतीस साहाय्य करीत आली होती. तिची शुश्रूषा करीत असतांही ते तेथील लहान कॉलेजांत मुलांना चेंडू लाथाडण्याचें शिक्षण देत. ९८ व्या वर्षीं त्यांनीं हें काम थांबविलें. १९६४ सालीं पत्नी निवर्तली, आणि १७ मार्च १९६५ रोजीं, १०२ वर्षांचे होऊन, ते स्वतः प्रभूकडे गेले.

कप्तान केलें नाहीं म्हणून संघ सोडणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. मुलाची बाजू घेऊन भांडावयास येणारे पालकही पाहिले आहेत. त्यांनीं या म्हाताऱ्याची आठवण ठेवावी. पहिल्या जागेवरून खालीं उतरूनही त्याच्या हातचें काम सुटलें नाहीं. आपणांस जी जागा मिळेल तेथें त्याच मनानें उभें राहतां आलें, तर शाळेनें आपणांस मैदानावर पाठविल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.