विश्लेषण : एल्व्हिस प्रेस्लीच्या गोळ्या आणि ‘डॉक्टर शॉपिंग’चा कायदा

२१ डिसेंबर १९७० रोजी रॉक अँड रोलचा बादशहा एल्व्हिस प्रेस्ली व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटला. ड्रग्जविरोधी मोहिमेत मदत करण्याची तयारी दाखवून त्याने अमली पदार्थविरोधी विभागाचा बिल्ला मिळवला. सात वर्षांच्या आत, १६ ऑगस्ट १९७७ रोजी, तो मेम्फिसमधील ग्रेसलँड या आपल्या घरातील बाथरूममध्ये निपचित पडलेला आढळला. वय अवघे ४२. शरीरात दहाहून अधिक औषधांचे अंश सापडले, पण त्यात हेरॉइन किंवा कोकेन नव्हते. होती ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे.

गोळ्या आल्या कुठून?

१९३५ मध्ये मिसिसिपीतील टुपेलो येथे गरीब घरात जन्मलेला एल्व्हिस १९५६ मध्ये देशभर गाजला. १९५८ ते १९६० या काळात तो लष्करी सेवेत होता. जर्मनीत तैनात असताना जागे राहण्यासाठीच्या गोळ्यांची ओळख झाली, असे त्याच्या जवळचे लोक सांगत. पुढे लास वेगासमधील रात्रीचे शो आणि सततचे दौरे सुरू झाले. झोपायला एक गोळी, उठायला दुसरी. डॉक्टरने लिहून दिले म्हणजे ते औषधच, ड्रग नव्हे, अशी त्याची पक्की समजूत होती.

मेम्फिसमध्ये डॉ. जॉर्ज निकोपोलस त्याच्यावर उपचार करत. लास वेगास आणि कॅलिफोर्नियात दुसरे डॉक्टर होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्याला मेम्फिसच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा पेथिडीनचे व्यसन उघड झाले. ती इंजेक्शने कॅलिफोर्नियातील एक डॉक्टर देत होता.

मृत्यूपूर्वीची रात्र तर या गोंधळाचा नमुनाच. रात्री उशिरा एल्व्हिस डेंटिस्टकडे जाऊन आला. तिथे त्याला कोडीन हे वेदनाशामक मिळाल्याचे पुढे समोर आले. काही तासांनी दात दुखत असल्याचे सांगून त्याने निकोपोलस यांच्याकडून आणखी एक तीव्र वेदनाशामक मागवले. एका रुग्णाला दोन डॉक्टरांनी काय दिले, हे एकाच ठिकाणी दिसण्याची सोय तेव्हा नव्हती.

कायदा काय म्हणत होता?

एकाच प्रकारच्या औषधासाठी, आधीची चिठ्ठी लपवून, अनेक डॉक्टरांकडे फिरणे म्हणजे ‘डॉक्टर शॉपिंग’. फसवणूक करून नियंत्रित औषधे मिळवणे अमेरिकेत गुन्हा ठरवणाऱ्या केंद्रीय कायद्यावर निक्सन यांनीच २७ ऑक्टोबर १९७० रोजी, म्हणजे त्या भेटीच्या दोनच महिने आधी, सही केली होती. पण हा कायदा खोटे बोलणाऱ्या रुग्णासाठी. एल्व्हिसला खोटे बोलायची फारशी गरजच पडत नसे. निकोपोलस त्याच्यासोबत दौऱ्यावर जात आणि घरासाठी त्यांना त्यानेच कर्ज दिले होते. अशा रुग्णाला नाही कोण म्हणणार?

त्यामुळे चौकशी झाली ती डॉक्टरचीच. १९७७ च्या पहिल्या साडेसात महिन्यांत निकोपोलस यांनी एल्व्हिसच्या नावे १० हजारांहून अधिक डोस लिहून दिल्याचे समोर आले. साधा भागाकार केला तर दिवसाला चाळीसहून जास्त. हा साठा दौऱ्यावरील सगळ्या चमूसाठी होता आणि आपण नकार दिला असता तर एल्व्हिस दुसरीकडे गेला असता, अशी त्यांची बाजू होती. हा दुसरा मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही, कारण त्याचे दुसरीकडचे डॉक्टर खरोखरच होते. १९८० मध्ये राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्यांचा परवाना तीन महिने निलंबित केला. १९८१ मध्ये ज्युरींनी मात्र त्यांना फौजदारी आरोपांतून मुक्त केले.

आज काय बदलले?

फ्लोरिडासारख्या राज्यात ३० दिवसांत दुसऱ्या डॉक्टरकडून तसेच औषध घेतल्याचे लपवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. एल्व्हिसच्या टेनेसी राज्यात २००६ पासून अशा औषधांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जमा होतात. २०१२ च्या कायद्याने तो तपासणे डॉक्टरांना बंधनकारक केले. आजचा डेंटिस्ट स्क्रीनवर मागची चिठ्ठी पाहू शकतो. अर्थात, ती रुग्णाच्या स्वतःच्या नावावर असेल तरच.

निकोपोलस यांचा परवाना १९९५ मध्ये कायमचा रद्द झाला. अनेक रुग्णांना गरजेपेक्षा जास्त औषधे दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.