देवळालीचे गणिताचे सर : द. रा. कापरेकर

विद्यार्थी मित्रांनो, वही उघडा आणि एक चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे नकोत बरं का! समजा ३५२४ घेतली. त्याच अंकांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोहोचाल.

ही गंमत १९४९ साली शोधली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, म्हणून बऱ्याच गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे लक्षच दिलं नाही. तरी सरांनी आकड्यांशी खेळणं सोडलं नाही. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

१९७५ साली अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला हे नाव कळलं. सर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचं निधन झालं.

एवढ्या शोधासाठी लागली फक्त वजाबाकी आणि चिकाटी. वजाबाकी तर तुम्हालाही येते. मग हाच खेळ तीन अंकी संख्येवर करा. पुढे शून्य आलं तर तेही धरा. कुठे थांबलात, ते वहीत लिहून आणा.