संगमरवराच्या शोधांत मायकेलँजेलो

मायकेलँजेलो याच्या मूर्तींचीं चित्रें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. परंतु ज्या पाषाणांतून त्या मूर्ति घडल्या, तो शोधण्यासाठीं हा थोर शिल्पकार महिनेन्‌महिने डोंगरांत राहत असे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्याच्या चरित्राचा हाच भाग आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मायकेलँजेलोचा जन्म इटलींतील काप्रेसे या गांवीं ६ मार्च १४७५ रोजीं झाला. तान्हेपणीं एका पाथरवटाच्या बायकोनें त्यास दूध पाजिलें. त्या दुधाबरोबरच आपणांस छिन्नी व हातोडा लाभला, असें तो पुढें विनोदानें म्हणे.

१५०५ सालीं पोप दुसरा जूलियस यानें आपल्या समाधीचें काम त्याजकडे सोंपविलें, तेव्हां दगड निवडण्यासाठीं तो कारारा येथील डोंगरांत आठ महिन्यांहून अधिक काळ राहिला. ते डोंगर दुरून हिमाच्छादित भासतात. जवळ जावें तों ती शुभ्रता संगमरवराची आहे असें कळतें. मात्र प्रत्येक शुभ्र दगड कामाचा नसतो. आंत केसासारखी बारीक चीर असली, तर वर्षभर खपून घडविलेली मूर्ति एका घावासरशीं दुभंगते. म्हणून पारखी मनुष्य हातोडीनें ठोकून पाहतो. निर्दोष दगड घंटेसारखा खणखणतो; चिरलेला बद्द वाजतो.

पुढें पोप दहावा लिओ याजकरितां फ्लॉरेन्स येथील सान लोरेंझो ख्रिस्तमंदिराचा दर्शनी भाग बांधण्याचा करार १५१८ च्या जानेवारींत झाला. त्यासाठीं संगमरवर फ्लॉरेन्सच्याच मुलुखांतून, म्हणजे पिएत्रासान्ता व सेरावेझा येथील डोंगरांतून आणावयाचा होता. तेथें धड रस्ता नव्हता, खाणकामांत मुरलेले मजूरहि नव्हते. मायकेलँजेलोनें छिन्नी बाजूस ठेविली, दलदल बुजवून रस्ता करविला व उंच कड्यांवर नव्या खाणी उघडल्या. काढलेले स्तंभ दोरांनीं बांधून उतारावरून हळूहळू खालीं सोडावे लागत. १५१८ मध्यें अशाच एका प्रसंगीं एक मजूर मान मोडून जागींच मरण पावला. मायकेलँजेलो स्वतः थोडक्यांत वांचला. १५१९ च्या एप्रिलांत दुसरा एक स्तंभ निसटून चुरा झाला. पाहतात तों त्यास अडकविलेली लोखंडी कडी बाहेरून भक्कम, परंतु आंतून अगदीं कच्ची होती! दगडाची पारख झाली होती, लोखंडाची राहिली होती.

१५२० च्या मार्चमध्यें करारच रद्द झाला. सान लोरेंझोचा दर्शनी भाग आजहि उघडाच आहे. आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें अशीं गेल्याचें त्यास फार दुःख झालें. तरी त्यानें हातोडा टाकिला नाहीं. १८ फेब्रुवारी १५६४ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, रोम येथें मृत्यु येण्याच्या कांहीं दिवस आधींपर्यंत तो मूर्तीवर काम करीत होता. त्यानें शोधिलेल्या डोंगरांतील खाणीहि पुढें ड्यूक कोसिमो याच्या कारकीर्दींत पुन्हां चालूं झाल्या.

आज याच आपुआन पर्वतांत गिर्यारोहक हौसेनें कडे चढतात. दगडावर भार टाकण्यापूर्वीं सावध आरोही तो ठोकून पाहतो आणि त्याचा नाद ऐकतो. विद्यार्थिमित्रहो, दगड असो, दोर असो वा लहानशी कडी असो, ज्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, तें आधीं पारखून पाहण्याची संवय आपण लावून घेऊं या. त्या अनाम मजुराच्या मरणापासून एवढें तरी आम्हीं शिकावें.