जीमूतवाहनाच्या वंशातला राजा : शिलाहार अपरादित्य

प्रतापबिंबाची कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्यावाचून आपल्यापैकी कोणाचे बालपण सरले असेल असे आम्हांस वाटत नाही. शके १०६० मध्ये बिंबराजा आला, त्याच्यासोबत सहासष्ट कुळे आली आणि त्या कुळांत आपलेही कूळ होते, ही आपली श्रद्धा. परंतु त्याच काळी ठाण्याच्या गादीवर जो पराक्रमी आणि विद्वान राजा बसला होता, त्याचे नाव आपल्या मुलांना विचारले तर ती गप्प राहतील. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेला हा राजा म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार नृपती पहिला अपरादित्य होय. त्याचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज आपल्या वस्तीची उपनगरे. ज्या साष्टी बेटावर ती वसली आहेत, त्यास शिलाहारांच्या लेखांत षट्षष्टी म्हटले आहे. भांडुपास सापडलेला छित्तराज शिलाहाराचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा असून त्यातही हे नाव येते. त्याहून जुने, नवव्या शतकातले शिलाहारकालीन लेख बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत. तेव्हा हे घराणे आपल्याला परके नव्हे. आपल्या उंबरठ्याबाहेरच त्याच्या खुणा आहेत.

हे राजे आपली उत्पत्ती विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन याच्यापासून सांगत. ती कथा मोठी हृद्य आहे. घरात पिढीजात चालत आलेला कल्पवृक्ष जीमूतवाहनाने जगाचे दारिद्र्य हरण्यासाठी देऊन टाकला आणि आईबापांसह तो मलयपर्वतावर जाऊन राहिला. तेथे एके दिवशी त्याने एका वृद्ध नागमातेचा आक्रोश ऐकला. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे आणि त्या दिवशी तिच्या एकुलत्या एका मुलाची, शंखचूडाची, पाळी होती. जीमूतवाहन त्याच्याऐवजी वधशिलेवर जाऊन बसला. गरुडाने त्याला उचलून नेले. परंतु हा नाग नव्हे हे कळताच त्यास पश्चात्ताप झाला. देवीच्या कृपेने जीमूतवाहन पुन्हा जिवंत झाला आणि नागकुळाचा संहार कायमचा थांबला. शिलेवर आहार झाला, म्हणून त्याच्या वंशजांना शिलाहार म्हणू लागले, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. या राजांच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता. तगरपुराचे, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजच्या तेरचे, अधीश्वर असे बिरुदही ते अभिमानाने लावीत.

मोठ्या पूर्वजाचे नाव सांगणे सोपे असते; त्या नावास जागणे अवघड. अपरादित्यावर तो प्रसंग लवकरच आला. त्याचा पिता अनंतदेव याच्यामागून राज्यावर मोठे संकट कोसळले. छित्तुक्क नावाचा असुर चालून आला, सामंत त्यास जाऊन मिळाले, धर्म मोडला, प्रजा नागवली गेली, असे शके १०४९ च्या, म्हणजे इ. स. ११२७ च्या वडवली ताम्रपटात वर्णिले आहे. इतिहाससंशोधक या संकटाचा संबंध गोव्याच्या कदंब जयकेशीच्या आक्रमणाशी जोडतात. आपले म्हणावे असे कोणी उरले नसता एक घोडा, दोन बाहू आणि एक खड्ग एवढ्याच बळावर अपरादित्याने शत्रूस पिटाळले, असे तो ताम्रपट सांगतो. यातली अतिशयोक्ती वजा केली तरी गेलेले राज्य त्याने परत मिळविले, एवढे निश्चित.

परंतु तलवार म्यान केल्यावर त्याने जे केले, ते आम्हांस अधिक थोर वाटते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विस्तृत टीका त्याच्या नावावर आहे. अर्क म्हणजे आदित्य. म्हणून ती अपरार्कटीका या नावाने प्रसिद्ध झाली. ग्रंथकर्त्याने तीतही आपण जीमूतवाहनाच्या वंशातले शिलाहार असल्याचे नमूद केले आहे. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांचा तीत सांगोपांग विचार असून पुण्याच्या आनंदाश्रमाने ती १९०३-०४ मध्ये दोन भागांत छापली. काश्मिरातील पंडित या कोकणच्या ग्रंथास प्रमाण मानीत. अपरादित्याचा दूत तेजःकंठ काश्मिरातील विद्वत्सभेस गेला होता, हा उल्लेख मंख कवीच्या श्रीकंठचरितात आहे. आगगाडी नसलेल्या त्या काळात ठाण्याच्या खाडीवरून हिमालयापर्यंत विद्येची वाट चालू होती, हे ध्यानी घ्यावे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. उरणजवळच्या चांजे येथील अपरादित्याच्या शिलालेखात त्याने आपली माता लीलादेवी हिच्या पुण्यार्थ दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या लेखाचा शक १०६०! बिंबराजाच्या आगमनाचे वर्ष तेच. चांजे खाडीपलीकडे असल्याने तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु पुढे शके ११०८ मध्ये, म्हणजे इ. स. ११८७ मध्ये, दुसऱ्या अपरादित्याने साष्टीतील उत्पन्न दान दिल्याचा शिलालेख परळास सापडला आहे. शिलाहारांचे लेख शके ११८२ पर्यंत मिळतात. साष्टीत शके १०६० पासून बिंबांचेच अखंड राज्य होते, ही समजूत या लेखांपुढे टिकत नाही.

मग आपली परंपरा खोटी म्हणावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. १९२४ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत ही कथा आहे. बखरीप्रमाणे शके १३७० मध्ये मालाडचा देसला नायकोराव याच्या प्रेरणेने केशवाचार्यांनी सर्व ज्ञातींच्या लोकांना त्यांच्या कुळांची आठवण दिली. परसत्तेखाली आचार सुटत चालले होते. विस्कटलेला समाज पुन्हा एकत्र बांधावा, हा त्यांचा हेतू. तीनशे वर्षांपूर्वीचे शक आणि नावे सांगताना काही मागेपुढे झाले असेल. कथेचा हेतू त्यामुळे उणा होत नाही. मात्र कथेच्या प्रेमापोटी दगडावरचा लेख नाकारणे आपणांस शोभणार नाही.

शके १०७१ च्या सुमारापासून हरिपालदेवाचे लेख मिळू लागतात. तत्पूर्वी अपरादित्याचा काळ संपला असावा. त्याची समाधी नाही, उत्सव नाही. त्याच्या वंशाचे म्हणविणारे कूळही आज आपल्या पाहण्यात नाही. आपण मात्र सोमवंशी की सूर्यवंशी, सहासष्टांत आपले कूळ कितवे, यावर अजून सोयरिकी अडवून धरतो! जीमूतवाहनाने आपला देह दिला तो परक्या कुळातल्या मुलासाठी, हे त्याच्या वंशाचे ब्रीद मिरविणाऱ्या राजाने विद्येने आणि शौर्याने सार्थ केले. आपण आपल्या वंशाचे ब्रीद कशाने सार्थ करणार, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा. येत्या सुटीत मुलांना घेऊन कान्हेरीस जावे, त्यांना तेथील अक्षरे दाखवावीत आणि बिंबराजाच्या कथेबरोबर अपरादित्याचीही कथा सांगावी, एवढीच नम्र विनंती.