औषधी वनस्पतींचे पारखी : कर्नल सर रामनाथ चोप्रा

झाडपाल्याच्या औषधांची स्तुती करणारे आपल्या देशात पुष्कळ झाले आणि त्यांची थट्टा करणारेही पुष्कळ झाले. परंतु एकेक मुळी, एकेक साल हाती घेऊन, तिचा अर्क काढून, प्रयोगशाळेत तिचा गुण तपासून, पुढे रुग्णालयातील रोग्याला ती देऊन, जो निष्कर्ष निघेल तो जसाच्या तसा छापणारे मात्र फारच थोडे. अशा थोड्यांत अग्रस्थान द्यावे लागते ते कर्नल सर रामनाथ चोप्रा यांना. भारतीय औषधगुणशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकीय जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. सामान्य माणसाला मात्र ते नाव ठाऊक नाही. वास्तविक घरातल्या औषधाच्या पट्टीवर जो बॅच नंबर आणि परवाना क्रमांक छापलेला असतो, त्यामागे या गृहस्थांचे परिश्रम आहेत.

चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातील गुजरांवाला येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे शालेय शिक्षण श्रीनगरला आणि महाविद्यालयीन शिक्षण लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात झाले. १९०३ साली ते केंब्रिजला गेले. तेथे डिक्सन नावाच्या नामांकित प्राध्यापकांजवळ त्यांना औषधगुणशास्त्राची गोडी लागली. औषध शरीरात गेल्यावर हृदयावर, श्वासावर, आतड्यांवर नेमके काय घडते, याचे मोजमाप करणारे हे शास्त्र त्या काळी विलायतेतही नवे होते. १९०८ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवून ते स्वदेशी परतले. पुढची काही वर्षे लष्करी नोकरीत गेली आणि पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर होते. त्यांच्या खऱ्या कार्याचा आरंभ झाला तो १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

त्या वर्षी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधगुणशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हिवताप, काळा आजार, पटकी, आमांश, महारोग हे उष्ण प्रदेशातील रोग लक्षावधी लोकांचा बळी घेत असत. त्यांचा अभ्यास एका जागी व्हावा म्हणून सर लिओनार्ड रॉजर्स यांनी खटपट करून ही संस्था उभी केली होती. संस्थेला लागूनच कारमायकेल रुग्णालय होते. एका इमारतीत रसायनतज्ज्ञ वनस्पतीतील द्रव्य वेगळे करणार, शेजारच्या प्रयोगशाळेत त्याचा परिणाम तपासला जाणार आणि पलीकडच्या वॉर्डात ते रोग्याला देऊन पाहिले जाणार, अशी सोय त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ होती. रसायनाची बाजू डॉ. सुधामय घोष यांनी सांभाळली. चोप्रांनी एकट्याने सर्व केले असे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. माणसे जोडून काम करणे हाच त्यांचा मोठा गुण होता.

त्यांच्या कामाची रीत समजण्यासाठी कुड्याचे उदाहरण फार चांगले आहे. कुड्याची साल आणि इंद्रजव अतिसारावर देण्याची आपल्याकडची वहिवाट जुनी आहे. कुटजारिष्टाची बाटली अनेक घरांत असते. त्या काळी आमांशावर डॉक्टर मंडळींचे हुकमी औषध म्हणजे एमेटिन. ब्राझीलमधून येणाऱ्या इपिकॅक नावाच्या मुळीतून ते काढीत आणि टोचून देत. १९१२ साली रॉजर्स यांनीच त्याचा प्रसार केला होता. गुण निश्चित, पण औषध महाग, परदेशी, आणि हृदयाला बाधक. मग आपला कुडा काय करतो, असा प्रश्न चोप्रांनी घेतला. सालीतील कोनेसिन व इतर अल्कलॉइड द्रव्ये निराळी करून त्यांचा परिणाम तपासला आणि नंतर जुनाट आमांशाच्या रोग्यांना ती दिली. एमेटिनपेक्षा ती कमी विषारी आहेत आणि पोटातून देता येतात, असे दिसून आले. कुड्याच्या अल्कलॉइडचे बिस्मथशी संयुग करून तयार केलेले औषध तेथेच वापरात आले.

यात एक व्यापारी मुद्दा होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कोकणातल्या मंडळींना पांढरा कुडा व काळा कुडा हा भेद ठाऊक आहे. औषधी आहे तो पांढरा. बाजारात मात्र दोन्हींच्या साली एकमेकींत मिसळून विकल्या जात, आणि काळ्या कुड्याच्या सालीने गुण आला नाही की बदनामी पांढऱ्याची होई. शिवाय झाडाचे वय किती, साल कोणत्या ऋतूत काढली, किती दिवस पडून होती, यांवरही कस बदलतो. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हते, माल खोटा होता. आज मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधांनी एमेटिन व कुडा या दोहोंचीही जागा घेतली आहे, हे खरे. पण माल ओळखून मगच त्याच्या गुणाविषयी बोलावे, ही शिस्त चोप्रांनी घालून दिली.

याच रीतीने त्यांनी पुनर्नवा तपासली आणि पोटात पाणी झालेल्या रोग्यांना तिने लघवी अधिक होते असे दाखविले. अडुळशातील वासिसिनने श्वासनलिका काहीशी सैल होते हे दाखविले. बावची, दारुहळद, कोष्ठ अशी कितीतरी नावे आहेत. कोष्ठ म्हणजे काश्मीरची सुगंधी मुळी. शालींना कसर लागू नये म्हणून ती घड्यांत ठेवीत, म्हणून आम्हा कापडवाल्यांना ती जवळची; चोप्रांनी तिचा दम्यावरील उपयोग अभ्यासला. पण प्रत्येक वेळी उत्तर अनुकूल आले असे नाही. सातविणीची साल हिवतापावर प्रसिद्ध, पण ती कोयनेलची जागा घेऊ शकत नाही असेच दिसले. अर्जुनसालीतही हृदयावर डिजिटॅलिसप्रमाणे काम करणारे द्रव्य त्यांना आढळले नाही. स्वदेशीच्या त्या भारलेल्या काळात असे निष्कर्ष छापणे सोपे नव्हते.

काळ्या आजारावर डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्याच शहरात युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे औषध सिद्ध केले होते. रोग्याच्या रक्तद्रवात त्याचे पातळ द्रावण घातले असता पांढरा साका धरतो, यावरून रोग ओळखण्याची एक स्वस्त परीक्षा चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ साली काढली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाई.

या सर्व संशोधनात प्राण्यांवर प्रयोग झाले, ही गोष्ट आपल्या वाचकांपासून झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्या काळी त्यांवर फारसे बंधन नव्हते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० साली आला. अहिंसा मानणाऱ्याच्या मनाला हे टोचते, आणि टोचलेच पाहिजे. तथापि ते सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र खरे होणार नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १९२०-३० च्या सुमारास औषधांच्या बाजारावर देशभर लागू होईल असा नेमका कायदा नव्हता. परदेशातून हलका माल येई, येथेही बनावट माल तयार होई. हिवतापाने दरवर्षी सुमारे १० लाख माणसे दगावत असलेल्या या देशात कोयनेलच्या गोळ्यांत कोयनेल नावापुरतेच असे. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये हारून जाफर यांनी या प्रश्नाला वाचा फोडली. १९३० च्या ऑगस्टमध्ये सरकारने औषध चौकशी समिती नेमली व तिचे अध्यक्षपद चोप्रांकडे दिले. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधील फादर कायस हेही तिचे एक सभासद होते. गजाच्या मापात लबाडी झाली तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. कोयनेलच्या गोळीत झाली तर घरातला माणूस जातो. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि १९३१ साली अहवाल दिला : सर्व देशाला एक कायदा हवा, औषध तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा हव्यात, आणि औषध विकणाऱ्याला त्याचे शिक्षण हवे.

अहवाल काही वर्षे तसाच पडून राहिला. १९३७ साली कलकत्त्यात औषधांचा कस तपासणारी प्रयोगशाळा चोप्रांच्या देखरेखीखाली निघाली आणि १९४० साली औषध कायदा झाला. फार्मसी कायदा तर १९४८ साली आला. आयुर्वेदिक व युनानी औषधे १९४० च्या कायद्याच्या कक्षेत यायला १९६४ साल उजाडावे लागले. आपल्या परंपरेत चार दानांमध्ये औषधदानाची गणना आहे आणि ठिकठिकाणचे आपले दवाखाने त्या भावनेने चालतात. दिलेली गोळी खडूची निघाली तर त्या दानाचे काय होते, याचा विचार चोप्रांच्या अहवालाइतका कसून आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

१९३३ साली त्यांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. औषधांबाबत देश स्वावलंबी व्हावा, वैद्य-हकिमांच्या औषधांतील खरी गुणकारी कोणती ते कळावे, आणि ती गरिबाला परवडावीत, हे त्यामागील हेतू होते. योगायोग असा की, कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या आपल्या मराठी वनस्पतितज्ज्ञाने बसू यांच्यासह रचलेल्या ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ची दुसरी आवृत्तीही १९३३ चीच. तिच्या संपादकांत फादर कायस यांच्याबरोबर डॉ. म्हसकर होते. याच दोघांनी सर्पदंशावरील शेकडो वनस्पती मुंबईत तपासून त्यांतील एकही विषावर चालत नाही असे १९३१ साली जाहीर केले होते. कलकत्त्याची शिस्त मुंबईतही होती, असे यावरून म्हणता येते.

चोप्रांना १९४१ साली ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पण स्वस्थ बसले नाहीत. जम्मू-काश्मीर संस्थानात त्यांनी औषध संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. १९४६ साली स्वदेशी वैद्यकपद्धतींच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आयुर्वेद, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक यांचा समन्वय करावा अशी शिफारस समितीने १९४८ साली केली. ती सरकारने पूर्णपणे मानली नाही. दोन्ही बाजूंच्या मंडळींना ती नको होती, असे माझे मत आहे. १९५६ साली सहकाऱ्यांसह त्यांनी औषधी वनस्पतींचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते.

त्यांनी पेरलेले एक बी मात्र मुंबईत उगवले. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो व मन शांत होते, हे चोप्रा व सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. कलकत्त्याच्या सेन व बोस या डॉक्टरांनी त्याआधी १९३१ मध्ये रोग्यांवरील अनुभव मांडला होता. जगाचे तिकडे लक्ष गेले नाही. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. उच्च रक्तदाबावरील आरंभीच्या परिणामकारक औषधांत त्याची गणना होते.

सर रामनाथ चोप्रा यांचे १३ जून १९७३ रोजी नव्वदाव्या वर्षी निधन झाले. त्यांनी उभी केलेली प्रयोगशाळा १९५७ साली केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली. २००७ पासून ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या नावाने जम्मूत काम करीत आहे.