पेटीतून ख्याल काढणारे गोविंदराव टेंबे

आमच्या मनोरला भजन म्हटलं की पेटी आलीच. एक वेळ टाळ विसरतील, पेटी नाही. पण याच पेटीला शास्त्रीय संगीतातले जाणकार एकेकाळी नाकं मुरडायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पेटीचं कूळ युरोपातलं. पियानोसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, एका पट्टीला एक सूर. आपलं गाणं मात्र दोन सुरांच्या मधूनही चालतं. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो, ती मींड. पट्टीवर ती निघणार कशी?

हा प्रश्न अंगावर घेतला गोविंद सदाशिव टेंबे यांनी. जन्म १८८१चा, जडणघडण कोल्हापुरातली.

पियानो शिकणाऱ्या पोरासमोर निदान छापील नोटेशन असतं. सूर कागदावर, जीव त्यानं ओतायचा. गोविंदरावांकडे तसा कागद नव्हता आणि पेटी शिकवणारा गुरूही नव्हता. होते फक्त कान, आणि देवल क्लबातल्या गाण्याच्या बैठका.

तिथून ते भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसू लागले. बुवांसमोर बसून रीतसर तालीम अशी घेतली नाही, तरी गुरू मानलं ते बुवांनाच. साथ हीच शाळा. गवई पुढची जागा कुठे घेणार याचा अंदाज बांधायचा, त्याच्या मागे सावलीसारखं राहायचं, त्यानं श्वास घेतला की तेवढीच पोकळी भरायची. मींड खरी निघत नाहीच. मग पहिली पट्टी किंचित उशिरा सोडायची, मधल्या सुराला ओझरता स्पर्श करायचा, भात्याचा जोर कमी-जास्त करायचा. ऐकणाऱ्याच्या कानाला घसरण झाल्याचा भास होतो. पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांना जयपूर गायकीही मिळाली. साथीचं वाद्य समजल्या जाणाऱ्या पेटीला त्यांनी स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला.

बाकीची कारकीर्दही मोठीच आहे. १९११ला खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या आणि त्या महाराष्ट्रभर गाजल्या. १९१३ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली, पण दोनच वर्षांत बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी उभी केली. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात राजा हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच!

आणि मग १९४० उजाडलं. ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. कारण तेच जुनं, पट्ट्यांवर आपले सूर नीट बसत नाहीत. ज्या दोषावर वाट काढण्यात गोविंदरावांचं तरुणपण गेलं, त्याच दोषापायी पेटी रेडिओबाहेर गेली. तेव्हा त्यांचं वय साठीला टेकलं होतं.

९ ऑक्टोबर १९५५ला ते गेले, तेव्हाही ती बंदी उठलेली नव्हती.